भिंतीच्या रंगाची वायर

मी एक पांढरी वायर बोलतेय. माझं पांढरेपण लक्षात ठेवा, कारण तेवढं एकच बघून मला घरी आणलं गेलं.

माझा जन्म कारखान्यातला. तांब्याच्या बारीक तारा पिळून त्यांच्यावर प्लॅस्टिकचं पातळ अंग चढवलं आणि वेटोळ्यावर चिठ्ठी डकवली, 'फक्त घराच्या आत वापरा'. मला त्याचं वाईट वाटलं नाही. एखाद्या खोलीतला दिवा लावीन आणि सुखाने म्हातारी होईन, अशी माझी साधी अपेक्षा होती.

दुकानात एक नवरा-बायको आले. बाल्कनीत दिवा लावायचा होता. दुकानदाराने जाड काळी केबल पुढे केली. "बाहेरचं काम आहे ना? मग हीच घ्या. उन्हापावसाला दाद देत नाही."

"शी! काळी?" बायको म्हणाली. "भिंतीवर साप चढल्यासारखं दिसेल. रंग आताच दिलाय हो आम्ही."

मग तिने मला उचललं, मोबाइलमधल्या भिंतीच्या फोटोशेजारी धरलं आणि खूश झाली. चिठ्ठी दुकानातच फाटून पडली.

"एवढ्याशा कामाला वायरमन कशाला?" म्हणत नवऱ्याने मला स्वतःच लावलं. लोखंडी कठड्यावरून ओढून सुतळीने करकचून बांधलं. बायकोने लांबून बघून शाबासकी दिली, "दिसतसुद्धा नाहीये!"

त्या घरात नवऱ्याची थोरली बहीणही राहायची. तिला सगळे ताई म्हणत. घरातल्या खोल्या इतरांच्या, ताईची म्हणावी अशी जागा बाल्कनीतली एक खुर्ची. तिथे बसून ती शिंप्याकडच्या कपड्यांना काजं करायची. भावाच्या घरात ती मान ताठ ठेवून जेवायची ती त्या सुईच्या जोरावर. संध्याकाळी माझा दिवा लागला की ती सुईत दोरा ओवायची आणि म्हणायची, "बरं झालं बाई उजेड आला." कोणी माझ्याबद्दल एवढं चांगलं कधीच बोललं नव्हतं.

पण ऊन माझ्या अंगाला सोसेना. मी आधी पिवळी पडले, मग कडक झाले. सुतळीने आवळलेल्या जागी मला चीर गेली आणि आतलं तांबं कठड्याला टेकलं. मला कळत होतं, पण वायरीला तोंड कुठे असतं?

"अरे, दिवा लागला की कठड्याला हात लावताच मुंग्या येतात रे," ताई भावाला म्हणाली.

"दिवसभर सुई धरतेस. मुंग्या नाही तर काय येणार?" भाऊ हसला. दुसऱ्या दिवशी शक्तीच्या गोळ्या घेऊन आला. ताईने त्या इमानेइतबारे घेतल्या. मला मात्र कोणी वाकून पाहिलं नाही. दिसू नये म्हणून लावलेल्या वस्तूकडे कोण बघणार!

एका संध्याकाळी पावसाची झड आत आली. लादी ओली, ताई अनवाणी. मांडीवरचे कपडे भिजू नयेत म्हणून ती घाईने उठली आणि आधाराला तिने उजव्या हाताने कठडा धरला. तो हात सुटेना. वहिनीने धावत येऊन बटण बंद केलं म्हणून ताई वाचली.

जीव वाचला, पण बोटं वाचली नाहीत. तळवा भाजला आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं आखडली ती आखडलीच. त्या बोटांत सुई राहत नाही. शिंप्याचे कपडे यायचे थांबले. ताई आता ताट पुढे आलं की आधी वहिनीच्या तोंडाकडे बघते.

"वायरच भिकार निघाली," भाऊ सगळ्यांना सांगतो. मी भिकार? माझा संताप होतो. मला जिथे लावू नये तिथे लावलं कोणी?

मला फेकलंही नाही. "राहू दे, कपडे वाळत घालायला होईल," म्हणून त्याच बाल्कनीत आडवं बांधलं. आता माझ्यात वीज नाही, नुसती ओली फडकी असतात.

आणि काल कठड्यावर नवी वायर आली. बारीक, पांढरीशुभ्र, सुतळीने करकचून बांधलेली. "आतापुरती हीच असू दे," वहिनी म्हणाली, "पुन्हा रंग देऊ तेव्हा काळीचं बघू."

आज संध्याकाळी दिवा लागलाय. ताई अनवाणीच आलीय. डाव्या हाताने माझ्यावर ओला टॉवेल टाकतेय आणि तोल जाऊ नये म्हणून उजवं कोपर कठड्याला टेकवतेय. नवी वायर अजून कोवळी आहे, म्हणून आज काही झालं नाही.

मला तोंड नाही. तुम्हाला आहे. उन्हाने नवीला चीर जायच्या आत ताईला सांगा हो, माझ्यावर हवा तेवढा भार टाक, पण तो कठडा सोड.