उभी झोप

म्हाताऱ्या घोडीच्या गुडघ्यावरची खपली ओल्या फडक्याने पुसता पुसता त्याला पुन्हा ते पत्र आठवलं. उत्तर न दिलेलं. पत्र काही लांबलचक नव्हतं. सैन्यात त्याच्या शेजारी झोपणारा एक पोरगेला शिपाई होता, सगळे त्याला धाकटा म्हणत. त्याच्या बहिणीचं पत्र. भाऊ कसा गेला, हे तिने विचारलंच नव्हतं. ते तिला सरकारने कळवलं होतं. तिने लिहिलं होतं, 'तो लहानपणापासून झोपेत बोलायचा. तिकडेही बोलायचा का? काय बोलायचा?'

एवढंसंच. पण उत्तर लिहायला बसलं की त्याचा हात कागदावर जड होऊन पडायचा.

"अरे वायरलेस, फडकं पिळून घे की! आंघोळ नाही घालायची बाईंना."

घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद ओरडला. बिनतारी यंत्रावर वर्षं काढलेला हा माणूस इथे तोंडातून शब्द काढत नाही, म्हणून त्यानेच हे नाव पाडलं होतं. नालबंद स्वतः लढाईत एक पाय गमावून आलेला. कामातून गेलेल्या घोड्यांसाठी त्याने गावाबाहेर तबेला उभारला होता, आणि त्याच्यासारखेच माजी सैनिक तिथे मदतीला येत. "घोडे निकामी, माणसं त्याहून," असं तो आल्यागेल्याला हसत सांगायचा.

"हिला लागतंय कशाने?"

"पडते ना! आजीबाई आडवीच होत नाही. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो रे, पण खरी झोप आडवं पडल्यावरच. आणि पहाऱ्याला कुणी असल्याशिवाय तो आडवा पडत नाही. हिचा जोडीदार मेला, तेव्हापासून बाई उभी. मग उभ्यानेच गाढ झोप लागते आणि गुडघ्यांवर कोसळते."

"मग?"

"मग काय! डॉक्टर म्हणतात, एक दिवस पाय मोडेल. मोडला की कायमचं झोपवायची सुई." नालबंदाने कानस उचलली. "तू कुठे झोपतोस?"

"खुर्चीत."

"झकास. जोडी जमली."

सैन्यात तो आणि धाकटा होते, त्या ठाण्यावर रात्री आवाज करायचा नाही, असा हुकूम होता. धाकट्याच्या छातीवर हात ठेवून झोपायचं काम याच्याकडे आलं. ओठ हलले की तळहात हलकेच दाबायचा. पोरगं गप्प व्हायचं. पुढे पुढे छातीचा ठोका हाताला लागल्याशिवाय यालाच झोप येईना. मग धाकटा गस्तीवर गेला, तो गेलाच. घरी परतल्यावर एका रात्री बायको दचकून उठली. याचा हात तिच्या छातीवर दाबून बसला होता. त्यानेच आपलं पांघरूण उचललं आणि बाहेरच्या खोलीतली खुर्ची गाठली.

दुपारी सगळे जेवायला गेले. त्याने बादली पालथी घातली आणि आजीबाईच्या कप्प्यात बसला. तिच्या खांद्यावर हात ठेवला. जनावराला हात लावायचा तर बोलत बोलत, हा नालबंदाचा नियम.

"झोप," तो शेवटी म्हणाला. "मी जागा आहे."

घोडी डुलली, सावरली, पुन्हा डुलली. कान त्याच्याकडे वळवून बराच वेळ उभी राहिली. मग पुढचे पाय दुमडले आणि मोठा सुस्कारा टाकून ती पेंढ्यावर कलंडली. तोही हात न काढता तिच्याबरोबर खाली बसला.

थोड्या वेळाने तिचे ओठ थरथरले. खूर हवेतच धावू लागले. घशातून बारीक आवाज आला, कुणाला तरी हाक मारल्यासारखा. त्याचा तळहात आपोआप जड झाला, दाबू लागला.

आणि त्याने तो उचलला.

घोडी खिंकाळली. लांब सूर काढून, पार शेवटपर्यंत.

दाराशी कुबडी थांबली. "काय झालं रे?" नालबंदाने दबक्या आवाजात विचारलं.

"काही नाही. झोपेत बोलतेय."

"मग बोलू दे."

संध्याकाळी बायको भाजी चिरत होती, तिथेच टेबलाच्या कडेला तो लिहायला बसला.

'ताई, हो. बोलायचा. "ताई, दार..." एवढं रोज ऐकू यायचं. पुढचं मी कधी ऐकलं नाही. माझा हात असायचा त्याच्या छातीवर. पुढचं तुम्हाला ठाऊक असेल.'

"कुणाला लिहिताय?" बायकोने सुरी थांबवली.

"धाकट्याच्या ताईंना."

ती उठली, हात पुसले आणि फडताळातून तिकीट काढून त्याच्यासमोर ठेवलं.

सकाळी तबेल्याच्या वाटेवर त्याने पाकीट टपालपेटीत सोडलं. आत ते पडल्याचा आवाज आला, तरी त्याचा तळहात पेटीच्या तोंडावर तसाच टेकलेला होता. मग त्याने तो काढून घेतला.