मनगटाचा रंग

काम दिसायला इतकं सोपं होतं, की सगळे त्यातच अडकत. घरातली एक वस्तू निवडायची. दर रविवारी, त्याच खिडकीशी, बरोबर बारा वाजता तिचा रंग नुसत्या डोळ्यांनी बघून कालवायचा, कागदावर लावायचा. वाळला की चौकोन कापून करड्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि खाली पेन्सिलीने तारीख घालायची. कालवताना मागचे चौकोन बघायचे नाहीत. असे बारा रविवार.

"बारा चौकोन एकसारखे आले, की डोळा तयार झाला समजा," हेल्का म्हणाल्या होत्या. तुर्कू शहरातल्या कलाविद्यापीठात रंग शिकवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. दुसऱ्या वर्षी कापडाच्या शाखेत आठच जागा असत, आणि ते आठ जण या पुठ्ठ्यांवरून निवडले जात.

कुणी किटली निवडली, कुणी दगड. पिह्लाने बाबांचं मनगट निवडलं. आतली बाजू, जिथे ऊन पोचत नाही.

"म्हणजे चाळीस वर्षं मी भिंती रंगवल्या, आणि आता भिंत मी," बाबा म्हणाले. लोइमा गावातल्या निम्म्या घरांना तेउवोचा, म्हणजे बाबांचा, हात लागलेला होता. आई तांपेरेला दुसऱ्या संसारात रमली होती. रविवारी पिह्ला वसतिगृहावरून घरी आली, की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आता हे दोघंच असत.

"भिंत बोलत नाही, बाबा."

"माझ्या भिंती बोलायच्या. पैसे कधी देणार, म्हणायच्या."

पहिले चार चौकोन एकमेकांना जुळले. पाचव्या रविवारी तिला यलो ऑकर, तो मातकट पिवळा, दोनदा घ्यावा लागला. तिने ब्रश धुतला, पाणी बदललं, पुन्हा कालवलं. पुन्हा तेच.

"खिडकी पुसलीयेस ना?" तिने विचारलं.

"पुसली. ऑक्टोबरचं ऊनच तसलं, शिळ्या बियरसारखं." बाबांनी दुसऱ्या हाताने कोपर खाजवलं. मग पुन्हा खाजवलं.

"हलू नको."

"खाज सुटलीये. तुझ्या रंगाची वाफ लागत असेल."

"याला वाफ नसते, बाबा. पाण्यातला रंग आहे हा."

"मग तुझ्या तोंडाची लागली असेल."

तिला हसू आलं. आपला वेलचीचा पाव त्यांनी न खाताच तिच्याकडे सरकवला. कॉफीही अर्धीच प्यायले. हल्ली ती कडू लागते, म्हणाले.

पुढच्या रविवारी ऑकर आणखी लागला. त्याच्या पुढच्या रविवारी त्यात चिमूटभर हिरवा. तिने मान वर करून विचारलं, "बाबा, तू पिवळा पडतोयस का रे?"

बाबांनी तिच्याकडे कारागिराच्या नजरेने पाहिलं, म्हणजे उत्तर येतं अशा नजरेने. "ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो. पांढऱ्या भिंतीला लावलेलं कपाट हलवलं, की मागे पिवळा चौकोन दिसतो. बायका घाबरून फोन करायच्या. मी सांगायचो, उन्हाळ्यापर्यंत थांबा, उजेड लागला की आपोआप पांढरा होतो. आणि व्हायचा." त्यांनी मनगट पुन्हा टेबलावर ठेवलं. "आपली हिवाळ्यातली कातडी तशीच."

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी हेल्कांनी सगळ्यांचे पुठ्ठे तपासले. पिह्लाच्या पुठ्ठ्याशी त्या जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

"पाचव्यापासून तू घसरतेयस. बघ, पायरी पायरीने. हे वस्तूचं नाही, उजेडाचं आहे. शरद ऋतू रंगवलायस तू, मनगट नाही."

"मला तसंच दिसलं."

"दिसतं तसंच. म्हणून तर डोळा शिकवायचा असतो. बिनचूक उतार काढलायस, तेवढं कौतुक आहे. पण आठ जागा आहेत, पिह्ला. खिडकी बदलून बघ, नाहीतर उजेडाची वजाबाकी करायला शीक, आणि हे चार पुन्हा कर."

शेजारच्या टेबलावरचा ओन्नी कुजबुजला, "माझी किटली बघ. स्टीलची. म्हातारी होत नाही."

त्या संध्याकाळी पिह्लाने चौथा चौकोन समोर ठेवला आणि त्याला जुळणारे चार नवे कालवले. बघायचा नाही असा नियम होता. ती बघून करत होती. नवे चौकोन तिने पाचव्यापासून आठव्यापर्यंत जुन्यांवरच चिकटवले. जुने उपटून टाकायला हात धजला नाही. पुढचे चार रविवारही तसंच. बाबांसमोर दिसेल तो रंग लावायचा, चिकटवायचा. वसतिगृहावर परतलं की त्यावर चौथ्याचा. रंगाला वजाबाकी जमली, की मनालाही जमते. पिवळेपण मनगटात नाही, खिडकीत आहे, हे तिला पटत गेलं. बाबांनी कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं होतं, तेही तिने पाहिलं आणि सोडून दिलं.

डिसेंबरात पुठ्ठे वऱ्हांड्यात लागले, दिवसासारखा पांढरा उजेड देणाऱ्या दिव्यांखाली. आठ नावांत पिह्लाचं नाव होतं. बाबा सकाळच्या बसने इस्त्रीचा सदरा घालून आले. हेल्कांनी त्यांच्याशी हात मिळवला. "तुमच्या मुलीचा डोळा शेवटी स्थिर झाला."

"घराण्यातच आहे," बाबा म्हणाले, आणि सवयीने त्यांनी अंगठा चौकोनांच्या ओळीवरून फिरवला, ताज्या भिंतीवरून फिरवावा तसा. पाचव्यापाशी अंगठा थांबला. पुढे शेवटपर्यंत गेला आणि परत आला.

"इथून दोन थर आहेत."

पिह्लाचा हात खिशात गेला.

"खाली काय आहे, पोरी?"

तिने कागद कापायचं पातं काढलं. शेवटच्या चौकोनाची कड उचलली, कागद सोलून काढला. मग अकरावा. दहावा. पाचव्यापर्यंत ती थांबली नाही. दिव्याखाली ओळ उलगडली, पायरी पायरीने.

बाबांनी बाहीचं बटण काढलं. मनगट बाराव्या चौकोनाला लावलं. इथे खिडकी नव्हती, ऑक्टोबर नव्हता. कुठे कातडी संपते आणि कुठे कागद सुरू होतो, ते कळत नव्हतं.

"बरोबर कालवलायस," ते हळूच म्हणाले. "अगदी बरोबर."

हेल्कांनी तोंडावर हात ठेवला होता. "मी तुला खिडकी बदलायला सांगितलं," त्या म्हणाल्या.

पिह्लाने तिथूनच आरोग्य केंद्राला फोन लावला. नर्सचा आवाज शांत होता. "दुखतंय का त्यांना?"

"नाही."

"डोळ्यांचा पांढरा भाग कसा दिसतोय?"

पिह्लाने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. बारा रविवार ती फक्त मनगट बघत आली होती. बाबांनी डोळे तिच्यासाठी मोठे केले, लहानपणी तिला हसवायला करत तसे.

"पिवळा," ती म्हणाली.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "आजच घेऊन या. कधीपासून आहे हे? अंदाजे सांगितलंत तरी चालेल."

पाचव्या चौकोनाखाली तिच्याच अक्षरात, टोकदार पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

"तेरा ऑक्टोबर," पिह्लाने वाचून सांगितलं. "दुपारी बारा."