मोटारीची किल्ली

पाच वाजून वीस मिनिटांनी खाली उतरायचं, मोटारीच्या खोलीचं कुलूप काढायचं, पाइपाला कान लावायचा. आत घरघर सुरू झाली की पाणी आलं समजायचं. मग मोटारीत तांब्याभर पाणी ओतून बटण दाबायचं आणि गच्चीवरची टाकी भरेपर्यंत जागचं हलायचं नाही. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या त्या चार मजली इमारतीत पाणी जेमतेम अर्धा तास येई. वेळ चुकली की चोवीस घरं दिवसभर कोरडी. म्हणून किल्ली दर आठवड्याला एका घराकडे फिरे, आणि या आठवड्यात नंबर हेमांगीचा होता.

सोमवारी मात्र तिनं किल्ली सान्वीच्या उशाशी ठेवली होती आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून जागी पडली होती.

पंधरा वर्षांच्या मुलीवर हा भार टाकण्यामागे कारण होतं. पंधरवड्यापूर्वी सान्वीच्या कंपासपेटीत सुगंधी वाफ ओढायचं व्हेप सापडलं होतं. कबड्डीच्या संघात नाव आलं नाही, त्या दिवशी मैत्रिणीनं दिलेलं. "एक ओढ, डोकं शांत होतं." हेमांगी आधी शाळेत जाऊन खेळाच्या सरांशी भांडली, मग रोज दप्तर झाडू लागली, मुलीचे केस हुंगू लागली. शाळेतल्या समुपदेशक सरोजताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिनं केलं नाही तर कुणाचं तरी अडेल, असं घरात तिच्याकडे काय आहे?" आजवर पाण्याचा पेलासुद्धा हेमांगी लेकीच्या हातात नेऊन देत आली होती.

गजर वाजला, बंद झाला. साडेपाच. पाच चाळीस. सहाला पाच कमी असताना हेमांगीला राहवेना. तिनं मुलीला गदागदा हलवलं. सान्वी अनवाणीच धावली, पण पाइप मुका झाला होता.

सातला दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरचे कुंडलिक, हातात रिकामी बादली.

"काय वहिनी, आज पावडर फासूनच कामावर जाऊ म्हणता?"

"माझाच डोळा लागला हो भाऊ," हेमांगी बोलून गेली.

"तुमचा? बारा वर्षांत पहिल्यांदाच!" बादली आपटत ते वर गेले.

मागे सान्वी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं हेमांगीला वाटलं होतं. ती नव्हती.

"मला जमणारच नाही, हे तू धरूनच चाललेलीस ना?" सान्वी म्हणाली आणि बाथरूमची कडी लावून घेतली. थोड्या वेळानं दाराखालून पिकल्या आंब्याचा गोड वास आला. जानेवारी चालू होता.

दारावर थाप मारायला उचललेला हात हेमांगीनं खाली घेतला. दिवसभर कोपरीच्या दवाखान्यात केसपेपर लिहिताना तिच्या हातून नावं चुकत राहिली.

संध्याकाळी चपलाही न काढता ती म्हणाली, "चल, कुंडलिककाकांकडे जायचंय. सकाळी मी खोटं बोलले."

"आई, नको ना! सगळी बिल्डिंग टोमणे मारेल मला."

"मारेल दोन-चार दिवस. मी येतेय सोबत. बोलायचं मात्र तुझं तू."

कुंडलिकांनी चष्मा कपाळावर सरकवला. सान्वीचे कान लाल झाले होते. "काका, किल्ली माझ्याकडे होती. मी झोपून राहिले."

"असं होय! मग उद्या?"

सान्वीनं आईकडे पाहिलं. हेमांगी दारावरचं तोरण निरखत राहिली.

"उद्या लावते."

"बघ हं. उद्या हिच्या माहेरची सहा माणसं येतायत. त्यांना तुझ्याकडे पाठवीन आंघोळीला!"

जिना उतरताना हेमांगीनं विचारलं, "सकाळी ओढलंस?"

"हो."

"आहे अजून?"

दोन पायऱ्यांनंतर सान्वी म्हणाली, "सरोजताईंना सांगेन. तू दप्तर नको ना झाडूस."

त्या रात्री हेमांगीनं दप्तराला हात लावला नाही.

पाच वीसला गजर वाजला. बंद झाला. खोलीत पुन्हा शांतता. हेमांगीचे पाय आपसूक गार फरशीला टेकले होते. वरच्या घरातली सहा माणसं, बादल्या, कुंडलिकांचा आवाज, सगळं तिच्या कानांत घरघरू लागलं.

तिनं पाय उचलून घेतले, चादर अंगावर ओढली आणि पडून राहिली.