जिना नसलेलं घर

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या ताईकडे महिन्यातून एकदा एक कंटाळवाणं काम यायचं. केसपेपर आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या चिठ्ठ्या जुळवायच्या आणि शेतात, लाकूडतोडीवर किती माणसं जखमी झाली ते वर कळवायचं. एकाच जागेवरून तीन सारख्या जखमा आल्या, की काम थांबवून तपासणी व्हायची.

आज तिला दोन सापडल्या. केसपेपरवर दोघांचंही कारण 'घरी पडला'. चिठ्ठ्या मात्र सांगत होत्या, की दोघांनाही डोंगरावरच्या लाकूडतोडीवरून उचललं होतं. दोघांचाही खांदा फाटलेला. ओंडके ओढणाऱ्या यंत्राची तार तुटली की चाबकासारखी अंगावर येते, हे तिला नवऱ्याने सांगितलं होतं.

नवरा आठवला आणि तिची पाचावर धारण बसली.

तिसरी जखम त्याचीच होती. मागच्या आठवड्यात त्याला कुणीतरी मोटरसायकलवरून आणलं, म्हणून चिठ्ठीच नव्हती. "पडलो म्हणून लिही. मुकादमाशी वाकडं नको," तो म्हणाला. घरात चार पायऱ्यासुद्धा नसताना हिने सुवाच्य अक्षरात 'जिन्यावरून पडला' असं लिहिलं. कुंपणानेच शेत खाल्लं. नवरा आता हात गळ्यात बांधून घरी होता, आणि यंत्रावर त्याच्या जागी सोमवारपासून तिचा धाकटा भाऊ उभा होता.

नोकरी गेली तर गेली. तिने ती ओळ खोडली, खरं लिहिलं आणि तपासणी कचेरीत फोन लावला.

"तीन झाल्या का? बरं, उद्या येतो," तिकडून उत्तर आलं.

मग तिने भावाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. उचलेना. यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू येत नसेल, असं ती स्वतःला समजावत होती.

तेवढ्यात आवारात अ‍ॅम्ब्युलन्स शिरली. खिडकीशी मुकादम आला. त्याच्या सदऱ्यावर भुसा होता आणि रक्तही.

"ताई, घरी पडला असं लिहा."

तिने कोरा केसपेपर ओढला. नावाची जागा मोकळी सोडून आधी कारण लिहिलं: लाकूडतोड, यंत्राची तार तुटली. मुकादम बघत होता, पण अडवेना.

"नाव?" तिने मान खाली घालूनच विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे, ताई," मुकादम म्हणाला.