खडूची खूण

निशिगंधाची बदली शिरोलीच्या युनिटला झाली. पण ती झालेलीच नाही असं धरून मी पुढचं सांगतो, कारण रोज सकाळी मी तसंच धरून गाडीची मागची सीट पुसतो.

कागलच्या आमच्या फाउंड्रीत पंपाची कास्टिंगं होतात. प्रत्येक नग दोघं तपासतात. आधी निशिगंधा, म्हणजे माझी बायको. ती पिवळ्या खडूनं बरोबरची खूण करते. मग मी.

आम्ही एका गाडीवर यायचो, एका डब्यात जेवायचो आणि बोलायचो नाही. भांडण झालं नव्हतं. गॅस संपतो तसं बोलणं संपलं, आणि दुसरा सिलिंडर कुणी लावला नाही.

एका सोमवारी गिऱ्हाइकानं चीर गेलेले नग परत पाठवले. क्वालिटीचे उदयसिंह साहेब आम्हाला समोर उभं करून म्हणाले, "एकाच्या नजरंतनं दहा चिरांतली एक सुटती. दोघं स्वतंत्र बघत असला, तर शंभरात एक सुटाय पायजे. हितं दहात एक सुटल्या की! म्हंजे दुसरा बघतच न्हाय. तुमी दोघं स्वतंत्र न्हाईसा."

"साहेब, आमच्याएवढं स्वतंत्र जोडपं जिल्ह्यात घावायचं न्हाय," मी म्हणालो. "दिवाळीपासनं बोलणं न्हाय."

"ताई, तुमचं काय म्हणणं हाय?"

"त्यो बघत न्हाय," निशिगंधा म्हणाली. "घरात बी बघत न्हाय."

साहेबांनी हे पुरावा म्हणून टिपून घेतलं.

मी बघत होतो. नगाकडं नाही, खुणेकडं. शेपूट लांब असलं की तिची झोप झालेली. खडू मोडेस्तोवर दाबला असला की डोकं दुखतंय. दिवसभर एवढी पत्रं वाचायची म्हटल्यावर चिरा कोण बघणार? हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला आणि साहेब जेवायला गेले.

आता तिच्या जागी, माझ्याआधी, इमामभाई तपासतात. त्यांची खूण म्हणजे नुसती खूण. त्यामुळे दहातल्या नऊ चिरा मला दिसतात. साहेबांनी पाठ थोपटली. संध्याकाळी निशिगंधा बसनं घरी येते, पण घरात खडू नाही.

म्हणून अर्ज दिलाय.

प्रति, गुणवत्ता विभाग. शिरोली युनिटमध्ये सौ. निशिगंधा यांनी पास केलेला किमान एक नग, खडूची खूण न पुसता, दररोज माझ्या टेबलावर फेरतपासणीसाठी पाठवण्यात यावा, ही नम्र विनंती.