परत पाठवलेला पॅच

समुद्रातल्या तरंगत्या यंत्रांकडून लाटांची उंची घ्यायची आणि किनाऱ्यावरच्या गावांना मोबाइलवर कळवायची, एवढंच काम करणारा एक फुकटचा प्रोग्राम आहे. तो लिहिणाऱ्या तिघांपैकी दोघं सिंगापूरला गेले. उरली आमच्या दुमागेते शहरातली एदिता. वय अठ्ठावन्न, नवरा वारलेला, घरात ती आणि पंखा. कुणी प्रोग्रामात बदल सुचवला, म्हणजे पॅच पाठवला, की तो तपासून आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे तीच ठरवायची.

सुरिगावच्या बाजूच्या एका बेटावरून रेनांते नावाच्या पोराचा पहिला पॅच आला. सोबतच्या इंग्रजी मेसेजमध्ये एकच शब्द: 'दुरुस्ती'.

एदितानं परत पाठवला. "काय बिघडलं होतं? त्रास कुणाला होत होता?"

"मॅडम, तीनच ओळी आहेत. वाचा ना!"

"काय बदललंत ते ओळींत दिसतंच. का बदललंत ते तुमच्या डोक्यात आहे, आणि तुमचं डोकं इथं दुमागेतेत नाही."

दोन दिवसांनी भलंमोठं उत्तर आलं. यंत्र बंद पडलं की आकडा रिकामा यायचा, प्रोग्राम त्याला शून्य धरायचा आणि गावाला कळवायचा, समुद्र शांत आहे. समोर पुरुषभर लाटा उसळत असायच्या. माणसं हसायची, नंतर त्यांनी मेसेज वाचणंच सोडलं. रेनांतेचे वडील त्यांतलेच एक.

"हेच लिहायचं होतं," एदितानं कळवलं. "वडील नकोत, बाकी सगळं ठेवा. पहिली ओळ आखूड, आणि खाली कारण."

तेव्हापासून त्याचे पॅच येत राहिले आणि ती ते परत पाठवत राहिली. हे संदिग्ध आहे, ते कुणाला कळणार? प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात थोडं घर यायचं. आईचा दमा, वादळात गेलेलं छप्पर, विकलेलं डुक्कर. मॅडमची हळूहळू 'मानांग', म्हणजे थोरली बहीण झाली. तीही त्याला अरे-तुरे करू लागली. दुपारी जेवण उरकून ती लगबगीनं कॉम्प्युटरपाशी बसायची.

पण पोरगा हुशार निघाला. वर्षभरात त्याचे मेसेज असे यायला लागले की विचारायला काही उरायचंच नाही. बिघाड, कारण, तपासणी, सगळं जागच्या जागी. ती 'घेतला' लिहायची आणि संपायचं.

नणंद बेलेन सुकी मासळी द्यायला आली. "आज एवढी गप्प? तुझा तो पोरगा रुसला की काय?"

"रुसला नाही. शहाणा झाला."

"मग बरंच की!"

एदितानं मासळी डब्यात भरून ठेवली.

त्याच आठवड्यात त्याचा एक पॅच आला, बिनचूक. तिनं मेसेज पुन्हा पुन्हा वाचला आणि परत पाठवला. 'कारण नीट कळत नाही.'

रेनांतेनं मुकाट्यानं सगळा मेसेज नव्यानं लिहून धाडला. ना घर, ना थट्टा. पहिल्यापेक्षा वाईटच झाला होता. नको तिथं समजावलेलं, घाबरून लिहिल्यासारखं. तो वाचताना तिचे कान तापले. तिनं त्याचा पहिलाच मेसेज ठेवून पॅच आत घेतला, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'पहिला बरोबर होता. चूक माझी.'

मग त्याला एकट्याला लिहिलं. 'मुद्दाम परत पाठवला होता रे. बोलायला दुसरं काही निमित्त नव्हतं.'

उत्तर दोन दिवसांनी आलं. 'मानांग, मला वाटलं माझं इंग्रजीच बिघडलं! सेबू शहरात नोकरी लागली आहे. आता पॅच फारसे जमणार नाहीत. हा माझा नंबर. निमित्त कशाला लागतं?'

रविवारी चर्चहून आल्यावर तिनं फोन लावला. त्याचा आवाज तिनं मनात धरला होता त्याहून जाड होता. आईचा दमा विचारून झाला, नोकरी विचारून झाली. मग दोघांनाही काही सुचेना. लिहिताना कसं भरभरून यायचं.

"मानांग, आहात ना?"

"आहे रे."

त्याच्या बाजूला कुणीतरी भांडी घासत होतं, बाहेर प्रवासी जीपनी गाडीचा भोंगा वाजत होता. एदिता फोन कानाशी धरून ऐकत बसली.