जमिनीवर एकही पीस नाही

कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या होत्या, पण खुराड्याच्या जमिनीवर एकही पीस नव्हतं. पनिना उकिडवी बसून बराच वेळ जमीनच न्याहाळत राहिली. मग तिने तांबडी कोंबडी काखेत धरली आणि पंखाखाली फुंकर मारून पाहिलं. उवा नाहीत, खपल्या नाहीत. शेपटीच्या मुळाशी मात्र तुटके खुंट होते आणि त्यांभोवती लाल ठिपके.

कोंबड्यांची पिसं गळतात ती थंडीच्या तोंडावर, आणि गळलेली पिसं खाली पडतात. हा तर जून. तेल अविवच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पनिनाला आणखी विचार करावा लागला नाही. पिसं गळली नव्हती. कोंबड्यांनीच एकमेकींच्या अंगावरून उपटून ती खाल्ली होती. खाण्यात सत्त्व नसलं की त्या तसं करतात.

कुंपणापलीकडून शेजारच्या मलकाने हिब्रूत विचारलं की तुझ्या बापाच्या कोंबड्या समुद्रावर पोहायला निघाल्यात की काय. पनिना वडिलांकडे वळली.

"पप्पा, ह्यांना खायला काय घालता?"

सॅम्युअल पायरीवर बसले होते. ठाणं सोडून इस्रायलमध्ये किर्यात गातला आल्यापासून ते याच घरात राहत. बायको गेल्यावर एकटेच.

"मी खातो तेच. भात. तांदळाची भाकरी."

"आणि पोत्यातलं खाद्य?"

"त्यात गहू आहे, बाय. सण संपू दे, मग घालीन."

पनिनाने कोंबडी हळूच खाली सोडली. पेसाह या ज्यू सणाच्या आठवड्यात घरात पाव, गहू, जव काही वापरायचं नसतं. म्हणून तिनेच ते पोतं सुतळीने बांधून मागच्या खोलीत ठेवलं होतं. पेसाह होऊन दोन महिने उलटले होते.

ती मागच्या खोलीत गेली. सुतळीची गाठ तिचीच होती, जशीच्या तशी. शेजारी पप्पांनी चादरीखाली झाकून ठेवलेला, तिने सणानंतर मागच्या खेपेला आणलेला रवा, शेवया आणि पाव. पावावर हिरवी बुरशी चढली होती. स्वयंपाकघरात सणाची वेगळी भांडी अजून फळीवर मांडलेली, आणि डब्यात फक्त तांदळाचं पीठ.

तिने पोतं ओढत अंगणात आणलं. सॅम्युअल उठले आणि त्यांनी गाठीवर हात ठेवला.

"सणासुदीचं घर बाटवू नकोस, पनिना." आवाज करडा होता. लहानपणी ती या आवाजाला घाबरायची.

तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता, तरी घड्याळ मनगटावरून घसरून पंजावर आलं होतं.

अरादहून तिचा भाऊ शौल वर्षभर फोनवर एकच सांगत होता, पप्पांना एकटं ठेवू नकोस. आणि ती दर वेळी म्हणायची, एवढा सण होऊ दे, मग बघू. हे घर आणि ह्या कोंबड्या काढून घेतल्या तर त्यांच्यापाशी काय उरेल, हे तिला ठाऊक होतं.

कोंबड्या पोत्याभोवती जमल्या होत्या. एकीने दुसरीच्या उघड्या पाठीवर टोच मारली. सॅम्युअलांचा हात गाठीवरून हलेना. पनिनाने त्या हातावर आपला हात ठेवला.

"सण संपला, पप्पा," ती म्हणाली. "कोंबड्या मलका सांभाळेल. तुम्ही आज माझ्याबरोबर तेल अविवला येताय. राहायला."